वास कोंबडीचा नव्हे, ओलीचा

मागच्या श्रावणात शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाभी, राग मानू नका, पण तुमच्या कोंबड्यांचा वास आमच्या देवघरापर्यंत येतो." मी "बघते हं" म्हटले, पण मनातून खट्टू झाले. लग्न होऊन पेणला आले त्याला वीस वर्षे झाली. आताच वास कसा येऊ लागला? वास कोंबड्यांचा की आमचा, असा कडवट प्रश्न मनात आलाच. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असाच येतो.

दुपारी कोंबड्यांच्या आवारात गेले. वरचे तूस बाजूला सारून तळाचे मुठीत धरले आणि दाबले. बोटांतून पाणी गळले, डोळे चुरचुरले. काकू खरे बोलत होत्या. मी मात्र घरातली ओल न पाहता तिच्यात वैर शोधत होते.

माझे माहेर रोह्याजवळचे. तिथे दादीच्या परसात पंधरा-वीस कोंबड्या असत, पण असा वास कधी आला नाही. फाल्गुन-चैत्रात आंब्या-फणसाचा गळलेला पाला ती गोण्यांत भरून माळ्यावर ठेवी. गिरणीतून भाताचे तूस आणी. खुराड्यात आणि छपराखालच्या जागेत त्याचा वीतभर थर घाली. पाण्याने धुणे हा प्रकारच नव्हता. रोज मूठभर कणी त्या थरात भिरकावली की कोंबड्या पायांनी सगळे उकरून काढत. दादी म्हणे, "त्यांचे काम त्यांनाच करू द्या." पोल्ट्रीवाले ज्याला गादी पद्धत म्हणतात, ती हीच.

यामागचे कारण साधे आहे. कोंबडीच्या शीटमध्ये नत्र भरपूर असते. ती ओली राहिली की सूक्ष्मजीव त्या नत्राचा अमोनिया करतात. डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. तेच शीट कोरड्या, मोकळ्या तुसात मिसळले, त्याला हवा लागली, की ते सावकाश कुजते आणि वास धरत नाही. तूस लवकर कुजत नाही, म्हणून गादी भुसभुशीत राहते. पेंढा लांबच्या लांब टाकला तर त्याची चटई होते आणि खाली ओल कोंडते, म्हणून तो बोटभर तुकडे करूनच घालावा. बुरशी आलेला पाला किंवा पेंढा तर मुळीच नको, त्याने कोंबड्यांची फुप्फुसे बिघडतात. परीक्षा मुठीची. दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. धूळ उडाली तर फार कोरडी आहे. किंचित धरून लगेच सुटली तर ठीक आहे.

माझी चूक काय झाली? वास आला की मी वरून नवे तूस टाकत होते. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ओला थर काढावाच लागतो. पाण्याच्या भांड्याभोवतीची जागा सर्वांत आधी भिजते, म्हणून भांडे विटांवर उंच ठेवावे. आठवड्यातून एक-दोनदा दाताळ्याने गादी वरखाली करावी. ओल आणि ऊब मिळाली की रक्ती हगवणीचे जंतूही फोफावतात आणि पिल्ले पटापट जातात. तेव्हा प्रश्न नुसत्या नाकाचा नाही.

पेण-रोह्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या आवारात तूस टाकले तर आठ दिवसांत त्याचा लगदा होतो. तिथे नारळाच्या सोडणांचे तुकडे, काटक्या, लाकडाच्या ढलप्या असे जाडेभरडे हवे, म्हणजे पाणी खाली निघून जाते. कडेने चर खणावा आणि छपराचे पाणी आत पडू देऊ नये. हल्ली बरेच जण या कटकटीतून सुटायला अंगणाला फरशी करतात आणि पाइप लावून धुतात. माझ्या मते हा उपाय उलटा आहे. पाणी मारून आपण ओलच वाढवतो, आणि ते घाण पाणी शेवटी शेजाऱ्याच्या दारातून जाते. दुसरीकडे पाला आपण गोळा करून जाळतो, आणि जी ओल त्या पाल्याने सुकली असती तिच्यासाठी फिनेल विकत आणतो.

आता थोडे आपल्याबद्दल. कोंबडी कोणी कापली, बिस्मिल्लाह म्हटले का, हे आपण बारकाईने विचारतो. विचारावेच. पण ती कशावर जगली, हे कितीजण विचारतात? मुख्यतः घाणीवर पोसलेल्या जनावराला फिक्हमध्ये 'जल्लाला' म्हणतात. अशी कोंबडी कापण्याआधी तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणा खाऊ घालण्याची रीत जुन्या ग्रंथांत आहे. कुरआन हलालबरोबर 'तय्यिब'ही म्हणतो, म्हणजे चांगले, स्वच्छ. आणि शेजाऱ्याचा हक्क तर आपण प्रत्येक बयानात ऐकतो. तो हक्क कुंपणापाशी थांबतो का? परसातली गादी कोरडी ठेवणे हा माझ्या लेखी त्याच शिकवणीचा भाग आहे.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. 2025 च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातील चिरनेरला बर्ड फ्लू आला. कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर गादी उपसून खतात टाकू नये, कोणाला देऊही नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एरवी निरोगी कोंबड्यांची जुनी गादी दोन-तीन महिने ढिगात कुजू दिली की उत्तम खत होते. ताजी घातली तर मात्र रोपे करपतात.

त्या दिवशी मी सात घमेली ओले तूस उपसले, पत्रा पुढे ओढला, चर खणला. चार दिवसांनी काकूंना बोलावून आवार दाखवले आणि वीस वर्षांत प्रथमच म्हटले, "पुन्हा वास आला तर लगेच सांगा." दिवाळीनंतर त्यांनी जास्वंदीसाठी घमेलेभर खत मागितले. मी दोन दिली. पण मला महत्त्वाची वाटते ती त्यांची पहिली तक्रार. त्यांनी ती गल्लीत न करता माझ्या कुंपणाशी येऊन केली. अशी तक्रार करणारा शेजारी टिकवायचा असेल, तर ती ऐकल्यावर आधी मूठभर तूस दाबून पाहावे.