मत माणसाचे की गाळ्याचे?

महापे येथे ज्याचा कारखाना आहे, तो नवी मुंबई महापालिकेला मालमत्ता कर भरतो. पण तो राहावयास मुलुंडला वा चेंबूरला असेल, तर महापालिकेच्या निवडणुकीत त्याला मत नसते. कर द्यावयाचा, परंतु कर ठरविणाऱ्यांना निवडावयाचे नाही, हा अन्याय नव्हे काय? हा प्रश्न वरवर बिनतोड दिसतो आणि पुष्कळदा कार्यकर्त्यालाही त्यावर चटकन उत्तर सुचत नाही.

उद्योजकांचे गाऱ्हाणे खोटे आहे असे मुळीच नाही. या पट्ट्यातील गावांच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळासाठी साठीच्या दशकात संपादित होऊ लागल्या. महापालिका आली ती १९९२ मध्ये. त्यामुळे भूखंड आणि पाणी महामंडळाचे, कर मात्र महापालिकेचा, असा दुहेरी कारभार येथे रूढ झाला. रस्ते, गटारे, दिवे कोणी करावयाचे यावर दोन्ही संस्था एकमेकींकडे बोट दाखवीत राहिल्या, आणि कराचा वाद न्यायालयापर्यंत गेला. दुखणे खरे आहे. सुचविले जाणारे औषध मात्र जुने आहे आणि अपायकारकही आहे.

ते औषध मुंबईने घेऊन पाहिले आहे. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या महापालिकेतील निम्मे सभासद निवडण्याचा हक्क करदात्यांना दिला. १८८८ च्या कायद्यात तर व्यापारी मंडळाला, म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्सला, स्वतःचे दोन प्रतिनिधी पाठविता येत. ज्यांच्या घामावर गिरण्या चालत, तो चाळीतला कामगार या हिशेबात कोठेच नव्हता. प्रौढ मतदानावर आधारलेली मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली, तेव्हा कुठे मताचा आणि मालमत्तेचा संबंध तुटला. तो पुन्हा जोडावयाचा असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. त्याला लोकशाहीचा विस्तार म्हणू नये.

आजचा कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. महापालिकेची मतदारयादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते आणि त्या यादीत येण्यासाठी त्या मतदारसंघात सामान्यतः राहणारा असावे लागते. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात तर असे म्हटले आहे की, केवळ राहते घर मालकीचे वा ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. जेथे घराच्या मालकीलाही मत चिकटत नाही, तेथे गाळ्याच्या मालकीला ते का चिकटावे? शिवाय अशा मालकाला त्याच्या राहत्या शहरात मत आहेच. त्याला दुसरे मत दिले, तर चार औद्योगिक वसाहतींत चार शेड असणाऱ्याला पाच मते द्यावी लागतील.

या युक्तिवादाची खरी कसोटी मात्र वेगळी आहे. गावाशी संबंध येतो म्हणून मत हवे, असे म्हणणे असेल, तर त्याच कारखान्यात दहा-दहा तास राबणाऱ्या कंत्राटी कामगाराचा संबंध मालकापेक्षा कमी कसा? तो दिव्याहून, कळव्याहून येतो. रासायनिक कारखान्यांचा धूर त्याच्याच छातीत जातो, आणि पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून तोच चालत जातो. त्याला महाप्यात मत द्यावे असे कोणी म्हणत नाही. लंडनच्या जुन्या गाभ्यात, म्हणजे सिटी ऑफ लंडनमध्ये, आजही कंपन्यांना मतदार नेमता येतात. किती मतदार, हे ठरते कर्मचाऱ्यांच्या संख्येवरून. पण ते नेमते कंपनी! सिडनी शहरात २०१४ च्या कायद्याने प्रत्येक व्यवसायाला दोन मते मिळाली. तेथील राज्याने ही तरतूद २०२३ मध्ये रद्द केली.

उद्योजकांना आवाज हवा असेल, तर मार्ग आहेत. प्रभाग समितीपुढे त्यांच्या संघटनेला नियमाने बोलावता येईल. औद्योगिक क्षेत्रातून किती कर आला आणि तेथे किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी छापता येईल. अनुभवी माणसांसाठी स्वीकृत सदस्यांच्या जागा आहेत. सभागृहात त्यांना बोलता येते, मत देता येत नाही. पक्षांनी त्या नाराजांची सोय लावण्यासाठी वापरल्या नाहीत म्हणजे झाले. संविधानाच्या २४३-क्यू कलमातील औद्योगिक नगरीची वाट मात्र धोक्याची आहे, कारण तीत निवडून आलेली नगरपालिका नसली तरी चालते. मत नसलेला कारभार कसा असतो, हे नवी मुंबईने अनुभवले आहे. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य होते. त्या काळात मालक आणि कामगार दोघेही सारखेच मुके होते.

बाहेरच्या मालकाला मत नाही याची चर्चा करताना, येथेच राहूनही यादीत नसलेल्या माणसाचा विसर पडू नये. महापे-तुर्भे पट्ट्यातील झोपडपट्टीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला घरमालक भाडेपावती देत नाही, आणि कागद नाही म्हणून नाव नाही. वास्तविक, ज्याला घरच नाही त्याच्यासाठीसुद्धा निवडणूक आयोगाने वाट ठेवली आहे : नमुना ६ मध्ये त्याने आपली झोपण्याची जागा लिहावी आणि मतदान केंद्र अधिकाऱ्याने रात्री तेथे जाऊन खातरजमा करावी. पुढच्या यादी-दुरुस्तीच्या वेळी कार्यकर्त्यांनी नमुना ६ चे गठ्ठे घेऊन या वस्त्यांत संध्याकाळी, पाळी सुटल्यावर, जावे. दिवसा तेथे कोणी भेटत नाही.