झो म्हणजे काय?

लडाखच्या पोस्टिंगमध्ये हिवाळ्यात संध्याकाळ लवकर होते. बुखारी पेटते, चहा येतो आणि कुणीतरी स्क्रॅबलचा बोर्ड काढतं. शंभर सोंगट्या, त्यात क्यू आणि झेडला सर्वांत जास्त, प्रत्येकी १० गुण.

आमच्यातला एक तरुण कॅप्टन दोन अक्षरी शब्दांची यादी पाठ करून आला होता. त्याने एकदा झेड-ओ लावला. ‘झो’. झेड तिप्पट गुणांच्या घरात, आणि तोच शब्द आडवाही झाला, उभाही. एका फटक्यात ६२ गुण! मी अडून बसलो, “असला शब्द इंग्रजीत नाहीच.” डिक्शनरी काढली, तर होता.

“पण म्हणजे काय?”

“माहीत नाही सर. खेळायला अर्थ लागत नाही.”

चहाचे मग गोळा करणारा आमचा लडाखी जवान हसला. “साब, झो तो हमारे घर में है. दो हैं.”

याक आणि गाय यांच्या संकरातून झालेलं जनावर म्हणजे झो. मादी ती झोमो, दुधाची. नर नांगराला, ओझ्याला. पण नरापासून पुढे पैदास होत नाही, त्यामुळे संकर पुन्हा पुन्हा करावा लागतो. आम्ही ज्यावर वाद घालत होतो, त्याच्यावर त्या पोराच्या घरची शेती चालत होती. तो शब्द ‘नाहीच’ असं मी त्याच्यासमोर ठासून सांगितलं होतं. त्याची लाज अजून वाटते.

कॅप्टन चूक नव्हता, हे मान्य करायला हवं. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना! शब्द पाठ केले आणि जिंकला. त्याच्या स्मरणशक्तीला माझा सलाम. खेळाचा नियम अर्थ विचारत नाही.

तरी माझं मत असं, की आपण तो विचारावा. डिक्शनरीतला चमत्कारिक शब्द कुठेतरी कुणाच्या तरी रोजच्या बोलण्यातला असतो. आपलेच घ्या ना. ‘नाईक’, ‘हवालदार’, ‘जवान’ हे तिन्ही स्क्रॅबलला चालतात. परदेशात कुणी ‘जवान’ लावून १५ गुण घेत असेल, आणि उणे वीसमध्ये पहाऱ्यावर उभा असलेला माणूस त्याच्या गावीही नसेल. मला ते खटकतं. मग झोच्या बाबतीत मी वेगळं काय केलं?

त्या रात्रीपासून आमच्याकडे नियम झाला: अर्थ सांगा, मगच गुण घ्या.

पहिली विकेट माझीच पडली. मी सी-डब्ल्यू-एम लावला, उच्चार ‘कूम’. मूळ वेल्श शब्द, एकही स्वर नाही, १० गुण. “कसलीतरी दरी,” मी सांगितलं. गिर्यारोहणाचा कोर्स केलेला आमचा एक लेफ्टनंट म्हणाला, “सर, हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला वाडग्यासारखा खोलगट भाग. एव्हरेस्टवरचा वेस्टर्न कूम तोच. आणि आपल्या खिडकीतूनही एक दिसतो.”

सकाळी पडदा सारून पाहिलं. सहा महिने रोज दाढी करताना मी त्याच्याकडेच बघत होतो.