हळदीला घाबरणारं किचन

नवं किचन म्हटलं की आपल्याला ग्रे, व्हाइट आणि मॅट फिनिशच का सुचतं? आणि जी रोज तिथे उभी राहते, तिला कुणी विचारतं का?

मे महिन्यात आमच्या कळव्याच्या घरातलं किचन नवं झालं. तीन आठवडे घरभर सिमेंटची धूळ, हॉलमध्ये गॅस, बाथरूममध्ये भांडी आणि शेजारच्या काकूंकडून वाटी वाटी येणारी भाजी. एका संध्याकाळी सुतारकाकांनी शेवटच्या ड्रॉवरवरची प्लास्टिकची फिल्म सोलली आणि म्हणाले, "बघा, एकदम फाइव्ह स्टार!" खरंच तसं दिसत होतं. ग्रे कॅबिनेट, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, पांढऱ्या टाइल्स, हँडल नसलेले ड्रॉवर, वर लख्ख पांढरा उजेड. मी लगेच 'बिफोर-आफ्टर'वालं रील टाकलं. कॉलेजच्या ग्रुपवर आगीच्या इमोजींचा पाऊस पडला.

हे सगळं मी ठरवलं होतं. घरात पिंटरेस्ट वापरणारा मी एकटाच, म्हणून ते खातं माझ्याकडे. आई ऑफिसमधून दमून यायची, मी फोन तिच्यापुढे धरायचो, ती चष्मा वर करून बघायची आणि म्हणायची, "छान आहे. तुला कळतं त्यातलं."

आठवडाभरानंतर लक्षात आलं की आई फोडणीला घालायच्या आधी ओट्यावर वर्तमानपत्र पसरते. विचारलं तर म्हणाली, "पांढरं आहे ना. हळद सांडली तर डाग जायचा नाही." मिसळणाचा डबा ती ओट्यावर उघडेनाशी झाली होती. तो सिंकमध्ये धरून चमच्याने हळद घ्यायची. आणि दर मे महिन्यात आमच्याकडे कैरीचं लोणचं पडतं, ते यंदा पडलंच नाही. जूनमध्ये विकतची बरणी आली. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण ती बरणी बघितली की माझं 'आफ्टर' मलाच टोचायला लागलं.

तुमच्याकडेही थोड्याफार फरकाने असंच झालंय का? रिडेव्हलपमेंटमध्ये नवा फ्लॅट मिळालाय, किंवा जुन्याच घरात मॉड्युलर किचन आलंय. सगळं चकाचक आहे आणि तरी तिथे कुणी रेंगाळत नाही. पाणी प्यायला जायचं आणि परत यायचं. असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू

'जुनं ते सोनं' हे गाणं मी गाणार नाहीये. आमचं जुनं किचन काही सोनं नव्हतं. कडाप्प्याच्या फळ्यांमागे झुरळांची वसाहत होती. खालच्या कप्प्यातला कुकर काढायला आईला जमिनीवर बसावं लागायचं आणि उठताना गुडघा धरावा लागायचा. आता ट्रॉली ओढली की कुकर हातात. चिमणी आहे, त्यामुळे मिरचीची फोडणी बसली की अख्ख्या घराला ठसका लागत नाही. ही सोय खोटी नाही, आणि ती आईच्या वाट्याला वीस वर्षं उशिरा आली.

त्यामुळे माझी तक्रार मॉड्युलरबद्दल नाही. तक्रार ही आहे की सोयीबरोबर आपण एक रूपडंही आंधळेपणाने उचललं. काळ्या कडाप्प्यावर हळद सांडली तर दिसायचीही नाही. आंध्रातल्या ज्या कडप्पा भागातून तो दगड येतो त्यावरूनच त्याला हे नाव पडलंय आणि आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांचे ओटे त्याचेच होते. तो काळाकुट्ट दगड आपल्या स्वयंपाकाला साजेसा होता. पांढरा ओटा ज्या फोटोंमधून आपण उचलला, त्या फोटोंमधल्या किचनमध्ये हळद रोज दोन वेळा लागत नाही.

रंगांची नावं आली कुठून?

लॅमिनेटच्या दुकानात आम्हाला कॅटलॉग दाखवला गेला तेव्हा त्यात ग्रेच्या बावीस छटा होत्या. प्रत्येकीला एक नंबर. घरी येऊन आजीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हा तर पारवा." तिच्याकडे त्या रंगाची साडी होती.

मग मी सहज मराठीतली रंगांची नावं लिहायला बसलो. तुम्हीही करून बघा. वांगी, लिंबू, डाळिंबी, जांभळा, बदामी, केशरी, आमसुली, नारिंगी, श्रीखंडी. अर्धी यादी स्वयंपाकघरातून आलेली! आपल्या भाषेने रंग शिकले ते ताटातून, फळांच्या टोपलीतून आणि मसाल्याच्या डब्यातून. आणि आपण किचन नवं करायला घेतलं की पहिल्यांदा हेच सगळे रंग बाहेर काढतो.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की रंग शोधायला फोन उघडू नका, मिसळणाचा डबा उघडा. हळद, तिखट, जिरं, मोहरी, धणे. हे पॅलेट तुमच्या घरात आधीपासून आहे आणि ते एकमेकांशी जमतंही. सगळी कॅबिनेट बदलायची गरज नाही. टाइल्सच्या वरची जी दीड-दोन फुटांची भिंत उरते, तेवढीच विटकरी किंवा मोहरीच्या पिवळ्या रंगात रंगवली तरी ग्रे कॅबिनेटचा चेहरा बदलतो. ग्रे वाईट नाहीच मुळी. तो चांगला श्रोता आहे, फक्त त्याच्याशी बोलणारा दुसरा रंग हवा.

भिंतीवर वारली चित्र काढायचं मनात असेल तर दोन मिनिटं थांबा. डहाणू-तलासरीचा वारली पट्टा १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही. ही चित्रं मुळात लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या. इतक्या जवळची गोष्ट प्लास्टिकच्या स्टिकरमध्ये ऑनलाइन मागवायची म्हणजे आपल्या गावचे तांदूळ परदेशातून आणण्यासारखं आहे. घ्यायचंच तर वारली कलाकाराच्या हातचं एखादं लहान चित्र घ्या आणि गॅसपासून लांब, कोरड्या भिंतीवर लावा.

भिंतीच्या आधी बल्ब बदला

खिशात दोनशे रुपये असतील आणि किचनमध्ये एकच गोष्ट बदलायची असेल, तर उजेड बदला. हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

एलईडी बल्बच्या खोक्यावर एक आकडा असतो आणि त्यापुढे 'के' म्हणजे केल्विन. आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. आमच्याकडे ६५००चे दिवे होते, म्हणजे 'कूल डेलाइट'. ऑफिसात, दवाखान्यात बहुतेक वेळा हाच उजेड असतो. त्यात वरण फिकं दिसतं आणि माणूस आजारी. २७०० ते ३००० म्हणजे 'वॉर्म व्हाइट', जुन्या पिवळ्या बल्बच्या जवळचा. ४००० हा मधला. आम्ही वरचे दोन दिवे ३०००चे केले आणि जिथे भाजी चिरतात तिथे कॅबिनेटखाली ४०००ची पट्टी लावली, कारण विळी-सुरीच्या जागी स्पष्ट दिसायलाच हवं. आपली स्वतःची सावली हातावर पडत नाही, हा आणखी एक फायदा. त्या रात्री पोळीवरचे तांबूस ठिपके मला महिन्याभराने दिसले.

आणि दिवसाचा उजेड फुकट आहे. आमच्या किचनच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. पावसाळ्यात तो इतका हिरवा होतो की कुठल्याही कॅटलॉगमध्ये तो नंबर सापडणार नाही. आणि मी त्या खिडकीवर काय लावलं होतं? ग्रे रोलर ब्लाइंड. ते काढलं. आता तिथे गवती चहाची कुंडी आणि पुदिना आहे. पुदिन्याचं रोप विकत घ्यायची गरज नाही. बाजारातल्या जुडीतल्या दोन जाड काड्या पाण्यात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग मातीत लावा.

भंगारात गेलेली मांडणी

आता जे मला दुरुस्त करता येणार नाही ते सांगतो.

जुन्या किचनमध्ये भिंतीवर स्टीलची मांडणी होती. वर ताटं उभी, मध्ये वाट्या, खाली कपांसाठी हुक. लग्नानंतर दोन वर्षांनी आईने ती ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून हप्त्याने घेतली होती. मला ते माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नाही. 'नव्या लूकमध्ये बसत नाही' म्हणून मी ती भंगारवाल्याला वजनावर दिली. आई तेव्हा ऑफिसात होती. संध्याकाळी तिने रिकाम्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "किती आले?" मी आकडा सांगितला. ती "बरं" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

त्या 'बरं'वर मला आजही काही उत्तर सुचलेलं नाही.

म्हणून तुमच्या घरी तोडफोड सुरू व्हायच्या आधी एक काम करा. आईला, आजीला, बाबा स्वयंपाक करत असतील तर बाबांना जुन्या किचनमध्ये उभं करा आणि विचारा, "यातलं काय राहायला हवं?" प्रत्येक वस्तू राहणार नाही, जागा तेवढी नसतेच. पण पितळेचा एक डबा, खलबत्ता, लोणच्याची चिनी मातीची बरणी, पाटा नाही तर निदान वरवंटा, यातलं काहीतरी उघड्या फळीवर येऊ शकतं. आमच्याकडे आजीचा पितळी डबा माळ्यावरून खाली आला. चिंच-लिंबाने घासल्यावर तो ग्रे कॅबिनेटसमोर जो काही झळकतो, त्यापुढे माझे मॅट फिनिश पाणी भरतात. एवढंच लक्षात ठेवा की पितळेला आतून कल्हई नसेल तर त्यात आंबट काही ठेवायचं नाही. आम्ही त्यात पोहे ठेवतो.

एकट्याचं किचन

वाचता वाचता मला कळलं की आज आपण ज्याला फिटेड किचन म्हणतो त्याची सुरुवात जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये झाली. १९२६ मध्ये मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने कामगारांच्या घरांसाठी एक छोटं, सगळं हाताशी असलेलं किचन आखलं. अशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. घरातल्या कामात पावलं किती पडतात, वेळ कुठे जातो, याचा त्यामागे हिशेब होता. कॅबिनेट निळी होती, कारण माश्या निळ्या रंगावर बसत नाहीत असं तेव्हा मानलं जायचं. म्हणजे पहिल्या मॉड्युलर किचनलाही रंग होता, आणि तो वापरणाऱ्याचा विचार करून दिलेला होता. गंमत म्हणजे या बाईंनी नंतर सांगितलं की ते किचन आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता. आमच्यातलं साम्य इथेच संपतं. त्यांनी काम करणाऱ्यांचा वेळ मोजला, मी लाइक्स मोजले.

पण त्या किचनवर पुढे एक टीकाही झाली. ते इतकं नेमकं होतं की त्यात एकच माणूस मावायचा. बाई आत, बाकीचं घर बाहेर. आपल्या गॅलरीसारख्या लांबट किचनमध्ये वेगळं काय आहे? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की देशातल्या सहा वर्षांवरच्या ८१ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करतात, पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषाची ९७.

२९९ मिनिटं म्हणजे जवळपास पाच तास. तेवढ्यात कळव्याहून सीएसएमटीला दोनदा जाऊन परत येता येईल. एवढा वेळ जिथे घालवायचा त्या जागेचा रंग ठरवणारा मी, तिथे पाणी प्यायला जात होतो. थंडपणा पांढऱ्या ओट्यात कमी आणि या हिशेबात जास्त होता.

म्हणून माझा शेवटचा सल्ला इंटिरियरवाला देणार नाही. किचनमध्ये एक स्टूल ठेवा. घडीचं, लाकडी, काहीही. जागा नसेल तर दारात ठेवा. आणि त्यावर बसून फक्त गप्पा मारू नका, लसूण सोला. मग उठा आणि एक वेळचं जेवण तुम्ही करा. कुठला ड्रॉवर चुकीच्या जागी आहे, हँडल नसल्यामुळे कणकेच्या हाताने तो उघडता येत नाही, हे तेव्हाच कळेल. मला तसंच कळलं. सहा ड्रॉवरना आम्ही पितळी मुठी लावून घेतल्या. दिसायलाही भारी दिसतात.

दोन रविवारांपूर्वी मी कांदेपोहे केले. वर्तमानपत्र पसरलं नव्हतं. हळदीचा चमचा हातातून सुटला आणि पांढऱ्या ओट्यावर, अगदी खिडकीजवळ, चांगला तळहाताएवढा पिवळा डाग पडला. मी फडकं शोधत धावलो. पुसलं तरी पिवळी झाक राहिलीच. आई स्टुलावर बसून मटार सोलत होती. तिने मान वर करून बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हळदीचा डाग उन्हाने उडतो. खिडकीतून येतं तिथे ऊन."

मग थोडं थांबून म्हणाली, "पुढच्या मे महिन्यात पाच किलो कैऱ्या आणू. फोडायला तू."