घरी घासा, पण पीयूची गन अंगणात नको

मोटारसायकलची टाकी घरी रंगवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो पीयू रंगाची फवारणीची गन अंगणात चालवायला, आणि त्याहून जास्त, त्या रंगात मिसळायचा हार्डनर कसलीही सूचना न देता गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायला. धाराशिवात मी हेच काम करून पोट भरतो, म्हणून बोलतोय.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. लोकांना त्याची भुरळ का पडते ते मला कळतं. साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोलचे चार थेंब सांडले की झाकणाभोवतीचा रंग मऊ पडतो, बोटाला लागतो. पीयू नीट वाळला असेल तर पेट्रोल फडक्याने पुसून टाका, काही होत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि गाडी दिवसभर उन्हात उभी असते, तरी त्याची चमक टिकते. आता छोटा कॉम्प्रेसर घरपोच मिळतो, व्हिडिओ मोबाइलवर आहेत. मग दसरा जवळ आला की उमरग्यापासून परंड्यापर्यंत पोरं टाकी, मडगार्ड, साइड पॅनेल काढून घरीच कामाला लागतात.

यातलं बरंच काम घरी करण्यासारखं आहेच. टाकी पूर्ण रिकामी करून आतली वाफ जाऊ द्यायची, जुना रंग खरवडायचा, लांबी भरायची आणि ओल्या पेपरने घासायची. आधी चारशेचा पेपर, मग आठशेचा, आणि दर वेळी वरचा चिखल धुऊन काढायचा. डोळे मिटून तळहात फिरवला की नजरेला न दिसलेला पोचा हाताला लागतो. टँकरच्या दिवसांत एवढं पाणी आणायचं कुठून, हाही आमच्या धंद्यातला प्रश्न आहेच. पण घाई न करता घासणारा घरचा माणूस पेंटरइतकंच चांगलं काम करतो, हे मी पाहिलंय.

धोका पुढे आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. 1984च्या डिसेंबरात भोपाळमध्ये सुटला तो विषारी वायू म्हणजे मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधलं रसायन वेगळं आहे, त्याची तशी झपाट्याने वाफ होत नाही, पण कूळ तेच. गनमधून उडालं की त्याचा बारीक फवारा हवेत तरंगत राहतो. नाकाला वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेटचा इशारा नाक देत नाही. ते श्वासातून जातं, कातडीतूनही जातं. एकदा शरीराला त्याचं वावडं झालं की पुढे थोड्याशा फवाऱ्यानेही दम लागतो, कधी कधी काम उरकून घरी गेल्यावर, रात्री. म्हणून माणूस रंगाला दोष देतच नाही. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या हिशेबाने गाड्या रंगवणाऱ्यांना दम्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे 80 पट आहे.

मला गन धरायला ज्यांनी शिकवलं ते उस्ताद आज शेडच्या दारात उभे राहू शकत नाहीत. आत कोणी पीयू मारत असेल तर त्यांना खोकल्याची उबळ येते. आयुष्यभर त्यांनी तोंडाला रुमाल बांधून काम केलं. रुमालाने काही अडत नाही. कोविडच्या वेळचा एन-95 वाफ अडवत नाही. कार्ट्रिजचा मास्क त्याहून बरा, पण कार्ट्रिज संपलं हे वासावरून कळायचं नाही. खरा उपाय म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा नळीने तोंडाशी आणणारा मास्क. तो अंगणात कुणाकडे असतो? आणि असला तरी ओट्यावर बसलेल्या आजीने आणि शेजारच्या लेकराने काय करायचं?

कारखाना अधिनियम 1948च्या तिसऱ्या अनुसूचीत आयसोसायनेटची विषबाधा हा नोंद करायचा आजार म्हणून लिहिलेला होता. म्हणजे सरकारला हे ठाऊक आहे. पण तो कायदा कारखान्याचा होता. आमच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणि तुमच्या अंगणापर्यंत तो येत नव्हता. युरोपीय संघात 24 ऑगस्ट 2023पासून ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त डायआयसोसायनेट असलेला माल धंद्यात वापरायचा तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. आपल्याकडे निदान तीन गोष्टी व्हायला हव्यात. डब्यावरची सूचना मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात हवी. हार्डनर विकणाऱ्या दुकानात योग्य मास्क आणि हातमोजेही विकायला असलेच पाहिजेत. आणि जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये आमच्यासारख्या छोट्या पेंटरांसाठी थोड्या दिवसांचा वर्ग सुरू व्हावा. मी पहिल्या बाकावर बसेन.

तोवर टाकी घरी घासून तयार करा आणि पीयूचे हात बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या ठिकाणी मारून घ्या. फार महाग पडत नाही. या कामात खरा वेळ जातो तो घासण्यात, आणि ती मजुरी तुमची वाचलेलीच असते.