बिघाड सत्तेच्या आधीचा



‘सत्तेची चव लागली की चळवळी बिघडतात’ हे गेल्या अंकातील वाचकपत्रातले मत अर्धेच पटले. बिघाड बहुधा ऐन लढ्यातच असतो.

मुंबईतला 1928चा गिरणी संप घ्या. विणकाम खात्यात मजुरी बरी, पण अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धाग्याचा सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. भांडवलशाहीविरुद्ध घोषणा देणारेच हा सोवळेपणा पाळत होते आणि पुढारी काणाडोळा करत होते. डॉ. आंबेडकरांनी जाब विचारला, तेव्हा कुठे हा प्रश्न मागण्यांत आला.

अशा जाब विचारण्याने एकी फुटते, हा युक्तिवाद मात्र पोकळ आहे. 7 नोव्हेंबर 1938 रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरलेच.

तेव्हा चळवळीची पारख सत्ता मिळेपर्यंत लांबवू नये. व्यासपीठावर कोण बसते आणि सभेनंतर सतरंज्या कोण उचलते, एवढे आजच पाहिले तरी पुरे.

– एक वाचक, मुंबई