पहिल्या वर्षाचा ‘जॉब’ भंगारात

पोरगं इंजिनिअरिंगला लागलं की घरी पेढे वाटतात. पहिल्या वर्षी ते तिथं शिकतं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. कार्यशाळेत लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासायचे, एकमेकांत बसवायचे आणि मास्तरांची सही घ्यायची. नंतर तो ‘जॉब’ भंगारात. पोराचा हात वळतो, हे मान्य. पण वस्तू कुणासाठी करायची आणि ती अशीच का, हा प्रश्नच त्यात येत नाही. डिझाईन तर तिथूनच सुरू होते.

साधा सायकल कोळपा घ्या. मूठ किती उंच असावी? चालवणारा गडी की बाई, यावर ते ठरते. पाते किती तिरके असावे? काळ्या रानात चाक रुतू नये म्हणून काय करावे? फळ्यावर हे सुटत नाही. बांधावर जाऊन मोजावे लागते, करून पाहावे लागते, मोडले की पुन्हा करावे लागते. पहिल्या वर्षाच्या चार पोरापोरींना मिळून एवढे एकच काम सहा महिने दिले, तर गणित कशाला शिकायचे ते त्यांना आपसूक कळेल.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेली खेड्यातली पोरे तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती करता करता शिकतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली. शाळा सुटलेल्या पोराला जे पाबळात जमते, ते बारावीला ढीगभर मार्क मिळवणाऱ्याला शिकवायला कॉलेजे का कचरतात? शंभर सारखे जॉब तपासणे सोपे असते. शंभर पोरांनी पंचवीस वेगळ्या वस्तू केल्या, तर मास्तरांना प्रत्येक वस्तूपाशी बसावे लागेल. खरी मेख ही आहे, आणि त्यासाठी जादा शिक्षक द्यावे लागतील.

केंद्राच्या २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात कॉलेजे गावे निवडतात. आपले गाव त्यात असेल, तर कॉलेजची गाडी आल्यावर सरपंचांनी आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हारतुरे बाजूला ठेवावेत. नुसते सर्वेक्षणाचे फॉर्म भरून पाहुण्यांना वाटेला लावू नये. गावातल्या पाच अडचणी लिहून त्यांच्या हातात द्याव्यात, आणि पोरांनी केलेली वस्तू आधी आपल्या रानात चालेल, मार्क मग पडतील, हे मास्तरांकडून तिथेच कबूल करून घ्यावे.