न उचललेला दाणा कोणाच्या घरी जातो?

रेशनचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित बैठकांतील सूर एकदम बदलतो. एरवी समाजातील शेवटच्या माणसाविषयी गहिवरून बोलणारी मंडळी अशा वेळी कमालीची हिशेबी होतात. "सगळेच फुकट मिळू लागले, मग शेतावर मजूर येईल कशाला?" असा प्रश्न कोणीतरी टाकतो आणि सगळ्यांच्या माना डोलतात. उत्तराची कोणाला अपेक्षाही नसते. पण प्रश्न हिशेबाचा असेल तर हिशेबच करू या.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. त्याला तीस दिवसांनी भागले तर दिवसाला १६६ ग्रॅम येतात. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाला दिवसाकाठी अर्धा किलोच्या आसपास धान्य लागते, हे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी विचारावे. म्हणजे शासन जे देते ते एका वेळच्या जेवणाइतके! तेल, डाळ, मीठ, भाजी, औषध, मुलांच्या वह्या हे सारे त्याने कामाला जाऊनच आणायचे. या १६६ ग्रॅममुळे माणूस आळशी होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी तेवढ्यावर आठ दिवस काढून पाहावेत आणि मग पुन्हा बैठकीला यावे.

या देशाने धान्यासाठी परक्यांच्या दाराशी उभे राहण्याची लाचारी अनुभवली आहे, हे आज पन्नाशीच्या आत असलेल्यांना सांगावे लागते. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळ उपवास करण्याचे आवाहन केले, ते अमेरिकी गव्हाच्या मिंधेपणातून बाहेर पडण्यासाठी. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात मिलो खाल्लेली पिढी अजून हयात आहे. त्या लाल ज्वारीच्या भाकरीची चव विचारली की ती माणसे आजही तोंड वाकडे करतात. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत पंजाबपासून आंध्रापर्यंतच्या शेतकऱ्याने घाम गाळून कोठारे भरली. आता प्रश्न धान्याच्या टंचाईचा उरलेला नाही. कोठारातून निघालेले पोते नेमक्या चुलीपर्यंत पोहोचते की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि ते पुष्कळदा पोहोचत नव्हते. २००५ साली खुद्द नियोजन आयोगाच्या मूल्यमापन अहवालाने नमूद केले होते की, केंद्राच्या साठ्यातून निघणाऱ्या अनुदानित धान्यापैकी सुमारे ५८ टक्के धान्य दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपर्यंत जातच नाही. त्यानंतर यंत्रे आली, आधार आले, गोदामापासून दुकानापर्यंतच्या नोंदी संगणकावर गेल्या. परिस्थिती पुष्कळ सुधारली, हे मान्य केलेच पाहिजे. पण चोरीची पद्धतही सुधारली. पूर्वी पोते गोदामातून गायब होत असे, आता किलो-दोन किलो काट्यावरून गायब होतात.

मागच्या पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातील एका कातकरी पाड्यावर जाणे झाले. एका झोपडीत साठीच्या पुढची, एकटी राहणारी एक बाई भेटली. कार्ड आहे का, असे विचारता तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले पिवळे कार्ड काढले. अंत्योदयाचे! किती धान्य मिळते? "पंधरा किलो देतो, कधी वीस." पावती? पावती तिने कधी पाहिलेलीच नव्हती. सोबतच्या तरुण कार्यकर्त्याने कार्डावरचा क्रमांक घालून संकेतस्थळावर मागील महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. प्रत्येक महिन्यापुढे ३५ किलोची उचल! तिचाच अंगठा, तिच्याच नावावर. मधल्या पंधरा-वीस किलोंचे काय झाले, हे समजण्यास फार बुद्धी लागत नाही. आम्ही दुकानदाराकडे गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "एकट्या बाईला पस्तीस किलो लागतात कशाला? वाया जातात." त्याच्या या वाक्यात आणि आपल्या बैठकीतील प्रश्नात मला तरी फारसा फरक दिसला नाही.

अंत्योदय हा शब्द आपल्या व्यासपीठांवरून किती वेळा उच्चारला जातो! २५ डिसेंबर २००० रोजी अटलजींच्या सरकारने त्याच नावाची अन्न योजना सुरू केली, तेव्हा देशातील एक कोटी अतिगरीब कुटुंबांना महिन्याला २५ किलो धान्य दोन रुपये दराने गहू आणि तीन रुपये दराने तांदूळ या स्वरूपात देण्याचे ठरले. एप्रिल २००२ पासून ते ३५ किलो झाले. २०१३ च्या कायद्याने हे ३५ किलो अंत्योदय कुटुंबाचा वैधानिक हक्क ठरवले. कुटुंब म्हणजे कार्ड, डोकी मोजायची नाहीत. एकटी विधवा असो वा सात जणांचे घर, ३५ किलो म्हणजे ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य पूर्णतः मोफत झाले आणि २०२४ च्या जानेवारीपासून पुढील पाच वर्षे ते तसेच राहणार आहे. तेव्हा कोणी एक रुपया जरी मागितला, तरी तो बेकायदा मागतो आहे.

इतकी साधी माहिती आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना असते? आपण वस्तीत जातो, संस्कारवर्ग घेतो, आरोग्य शिबिर भरवतो, दिवाळीला फराळ वाटतो. हे सर्व करावेच. पण वर्षातून एकदा वाटलेल्या फराळापेक्षा दरमहा बुडणारे पंधरा किलो धान्य त्या घराला मिळवून देणे ही मोठी सेवा आहे, हे आपल्याला कधी सुचत नाही. कारण फराळ वाटताना छायाचित्र निघते. पुरवठा निरीक्षकाच्या टेबलासमोर तीन तास उभे राहण्याचे छायाचित्र कोण काढणार?

आणि करायचे तरी फार काय असते! कार्ड पाहायचे. त्यावर घरातील सर्वांची नावे आहेत का, हे पाहायचे. येथेच पहिली गळती आहे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेले असते आणि सासरच्या कार्डावर चढलेले नसते. वर्षानुवर्षे ती दोन्हीकडे नसते. तिची मुले तर कुठेच नसतात. पाच जणांचे घर तीन जणांचे १५ किलो उचलत राहते आणि दहा किलोंचा हक्क कागदाअभावी निजलेला असतो. अलीकडे प्रत्येक सदस्याची आधारावर आधारित ई-केवायसी सक्तीची झाली आहे. ती न केलेल्यांची नावे गळतात, हे गावात कोणी सांगत नाही, आणि म्हाताऱ्याला ते धान्य बंद झाल्यावरच कळते.

दुसरी गोष्ट कार्डाच्या प्रकाराची. अंत्योदय म्हणजे सर्वांसाठी अधिक लाभाचे, असे सरसकट समजू नये. आठ-नऊ जणांचे एकत्र कुटुंब अंत्योदयात असेल तर त्याला ३५ किलोच मिळतात. तेच कुटुंब प्राधान्य गटात असते तर चाळीस-पंचेचाळीस किलो मिळाले असते. ज्यांच्या चुली खरोखर वेगळ्या झाल्या आहेत, त्यांनी कार्डही विभक्त करून घ्यावे. याउलट एकटी म्हातारी, अपंग, विधवा यांना अंत्योदयातच बसवले पाहिजे. २ मे २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निराधार, वृद्ध, अपंग, विधवा आणि आदिम जमाती यांना अंत्योदय कार्ड देण्याचा आदेश दिला होता. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती आदिम गणल्या जातात. रायगड-पालघरमधील कातकरी वाड्यांवर, यवतमाळच्या कोलाम पोडांवर आजही अंत्योदय कार्ड नसलेली घरे सापडत असतील, तर त्या आदेशाला झालेली वर्षे मोजून लाज वाटण्याचे काम प्रशासनाबरोबर आपलेही आहे.

मशीनवर अंगठा उमटला नाही म्हणून परत पाठवणे हा तर नित्याचा प्रकार. राबून राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या, त्यांनाच यंत्र ओळखत नाही! २०१७ साली झारखंडात भूकबळीचा वाद उठल्यानंतर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्राने राज्यांना स्पष्ट कळवले होते की, आधार नाही वा जुळत नाही म्हणून कोणाचेही धान्य नाकारू नये. डोळ्याची ओळख, भ्रमणध्वनीवरचा संकेतांक असे पर्याय आहेत. हे पर्याय दुकानदाराला ठाऊक असतात, ते तो आपणहून सांगत नाही इतकेच.

ऊसतोड कामगारांची कथा वेगळी. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून कोयते निघतात ते पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात जातात, आणि पाच-सहा महिने गावातील कार्ड कुलूपबंद घरात पडून राहते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झाले आणि २०२२ च्या जूनपर्यंत देशातील सर्व राज्ये त्यात आली. म्हणजे बीडचा माणूस कारखान्याशेजारच्या कोणत्याही रास्त भाव दुकानात आपले धान्य उचलू शकतो, आणि गावी राहिलेले आईवडील त्याच कार्डावरचा उरलेला वाटा गावात उचलू शकतात. इतकी चांगली सोय! पण कारखान्यावरचा दुकानदार "तुमचे नाव आमच्या यादीत नाही" म्हणतो आणि टोळीचा मुकादम त्यावर विश्वास ठेवतो. त्या यादीची आता गरजच नाही, हे ठणकावून सांगणारा एक माणूस प्रत्येक कारखान्याच्या तळावर का असू नये? साखरपट्ट्यात आपली शाखा नाही असे गाव शोधावे लागेल. महिना संपला की त्या महिन्याचा हक्क सहसा बुडतो, म्हणून पहिल्या पंधरवड्यातच जावे. १४४४५ हा क्रमांक या योजनेसाठीच आहे, १९६७ तक्रारीसाठी.

गहू-तांदळाचे प्रमाण शासन वेळोवेळी बदलते, तेव्हा प्रकाराचा वाद घालण्यापेक्षा एकूण वजनाची पावती मागावी. आणि कृपा करून तांदळातील वेगळे दिसणारे दाणे 'प्लास्टिकचे' म्हणून निवडून फेकायला कोणी सांगू नये. लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळलेले ते पोषक दाणे शंभरात एक या प्रमाणात घातलेले असतात. त्या अफवेने किती गरोदर बायांच्या ताटातले पोषण उकिरड्यावर गेले असेल! अफवा पसरवणाऱ्यांत शिकलेली माणसे आघाडीवर होती, हे मुद्दाम सांगतो.

धान्य नाकारले तर काय? कायद्याच्या आठव्या कलमान्वये हक्काचे धान्य न मिळाल्यास राज्य शासनाने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्यावर राज्य अन्न आयोग आहे, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगूनही दिलासा न देणाऱ्या अधिकाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. गावात दक्षता समिती असते. तिचे सदस्य कोण, हे गावाला ठाऊक नसते. पुष्कळदा सदस्यांनाही नसते!

आता आपल्याच पायाखाली काय जळते ते पाहू. महाराष्ट्राचा लाभार्थ्यांचा कोटा ७ कोटींच्या आसपास ठरवून दिलेला आहे, ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के. तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. पुढची जनगणना २०२७ ची. तोवर नवा गरीब आत यायचा तर कोणी तरी बाहेर जावे लागते. उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. आता आपापल्या गल्लीत नजर टाका. दारात चारचाकी, मुलगा पुण्यात संगणक अभियंता, आणि घरात प्राधान्य गटाचे केशरी कार्ड! धान्य कोणी खात नाही. ते उचलून कामवालीला 'दान' दिले जाते किंवा दारावर येणाऱ्या फेरीवाल्याला विकले जाते. "आम्ही घेतले नाही तर दुकानदार खाईल" हे त्यावरचे समर्थन. मी म्हणतो, आपण ते नाव सोडत नाही म्हणूनच त्या कामवालीचा अर्ज 'इष्टांक पूर्ण' असा शेरा मारून परत आला आहे. तिचा हक्क आपल्या खिशात ठेवून त्यातले मूठभर तिलाच दान देणे, याला पुण्य म्हणण्याची हिंमत आपण कोठून आणतो?

फुकट्यांविषयी सर्वाधिक संताप याच घरांतून ऐकू येतो, हा योगायोग नव्हे.

विदर्भ-मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांच्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांचे धान्य २०२३ च्या जानेवारीपासून बंद करून माणशी १५० रुपये, पुढे १७० रुपये खात्यावर देण्याचे ठरले. त्या रकमेत पाच किलो बरा तांदूळ बाजारात मिळत नाही. सरकार कोणाचेही असो, हा निर्णय मला पटलेला नाही, आणि तो आपल्या माणसांनीच बोलून दाखवला पाहिजे. नाहीतर विरोधक बोलतील आणि आपण मग त्यांचा हेतू शोधत बसू.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली, ही कथा आपण कीर्तनातून ऐकत आलो. पंतांनी त्यासाठी स्वतःची मान पणाला लावली होती. आज कोठार उघडण्याचा हुकूम संसदेनेच दिलेला आहे. आपल्याला मान द्यायची नाही, फक्त तहसीलात जाऊन अर्जाची पोच घ्यायची आहे.

त्या पाड्यावरच्या बाईची लेखी तक्रार आम्ही दिली. पुढच्या महिन्यात तिला पहिल्यांदा पावतीसह ३५ किलो मिळाले. धान्याचे पोते दोघा मुलांनी डोक्यावरून पाड्यापर्यंत नेले. त्याच दुकानावर आणखी एकवीस अंत्योदय कार्डे आहेत. त्यांच्या नोंदी तपासायचे काम अजून शिल्लक आहे, आणि तालुक्यात अशी दुकाने किती, याची यादी तहसील कार्यालयात मागितली की मिळते.